ओटी भरलेला खड्डा

जे मातीतून घेतलं ते एक दिवस मातीला परत करावंच लागतं. या सत्यापुढे राजे झुकले, ऋषी झुकले, ज्यांची नावं आज चौकांना आहेत ती थोर मंडळीही झुकली. पिंपळखोऱ्याच्या वाल्मीकला मात्र यातून सूट मिळेल, असं त्याला ज्ञानेशने सांगितलं होतं.

ज्ञानेश तसा अधिकारी माणूस. म्हणजे अधिकारी नव्हे, अधिकाऱ्यांच्या दारात बसणारा. ओझरला त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि झेरॉक्सच्या जोडीला उतारे, दाखले, परवाने असली खटपट तो करी. वाल्मीकच्या मुरमाच्या खदानीचा परवाना त्यानेच काढून दिला होता. परवान्याच्या पाठीमागे अटी होत्या. त्यातली नववी अशी : ‘उत्खनन पूर्ण झाल्यावर खड्डा भरून घेण्यात यावा.’

“हे भरायचं काय म्हणताय?” वाल्मीकने तेव्हाच विचारलं होतं.

“अरे, ते सगळ्यांच्याच परवान्यावर असतं. लग्नात नवरीला ‘अष्टपुत्रा’ म्हणतात ना, तसं. कोणी मोजायला येतं का मागून?”

वाल्मीकला ते पटलं. खदान सुरू झाली.

भावकीच्या वाटणीत वाल्मीकच्या वाट्याला बरड आली होती. शेजारच्यांच्या रानात द्राक्षं पिकत, याच्या रानात मुरूम. सुरुवातीला त्याला याचं वाईट वाटे. मग लक्षात आलं की द्राक्षाला पाऊस चालत नाही, गार चालत नाही, धुकं चालत नाही. मुरमाला काहीही चालतं. गावोगावचे रस्ते त्याच्या बरडीवरून उचलून नेले गेले. अर्धी बरड संपली, तिथे खड्डा झाला. आता उरलेल्या अर्ध्या बरडीचा परवाना काढायचा होता, आणि तो मिळाला नाही तर काय होणार हे वाल्मीकला नीट माहीत होतं. त्याचा मेहुणा अमोल ओझरच्या हायवेला टायरचं दुकान चालवत होता.

“दाजी, तुम्ही नुसतं गल्ल्यावर बसा,” अमोल दर भेटीत म्हणे. “पंक्चर काढायला माणसं हायेत.”

हे तो मनापासून म्हणे, आणि तेच भयंकर होतं. बायकोच्या भावाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाने संध्याकाळी घरी आल्यावर कोणत्या आवाजात चहा मागायचा, या विचाराने वाल्मीकला भर थंडीत घाम फुटे.

पण सगळी गडबड झाली ती पाण्यामुळे. यंदा पाऊस दणकून झाला. खड्ड्याला खालून झरे फुटले आणि श्रावणात तो तुडुंब झाला. पाण्याला सगळ्यात आधी म्हशी ओळखतात, मग बायका, मग बगळे आणि सगळ्यात शेवटी ग्रामपंचायत. याच क्रमाने सगळे आले. म्हशी डुंबल्या, बायकांनी गोधड्या धुतल्या, बगळे एका पायावर उभे राहिले. शेवटी पंचायतीतली मंडळी काठावर येऊन म्हणाली, “वाल्मीकआण्णा, तुम्ही गावाला पाणी दिलं!”

आजवर वाल्मीकला गावात कोणी ‘आण्णा’ म्हटलं नव्हतं. डंपरने धूळ उडवतो म्हणून जे म्हणत, ते लिहिण्यासारखं नाही. त्यामुळे त्या एका शब्दाने त्याचा तोल गेला. त्याने जलपूजन ठेवलं. भटजी बोलावले, लाऊडस्पीकर लावला. त्याच्या आईने, चिमणाबाईने, गावातल्या सवाष्णींना पुढे करून पाण्याची ओटी भरवली. खण, नारळ, हळदकुंकू, हिरवा चुडा, सगळं रीतसर पाण्यात सोडलं. आणि फाट्यावर बॅनर लागला : ‘वाल्मीक तळे : भव्य जलपूजन सोहळा’. त्यावर गॉगल घातलेला, हात जोडलेला वाल्मीक. मागे तळं. तळं फोटोत थोडं लहान आलं होतं, कारण वाल्मीक मोठा आला होता.

दिवाळी झाली आणि ज्ञानेशचा फोन आला.

“मंगळवारी मॅडम येताय.”

“कोण मॅडम?”

“भामरे मॅडम. नाशिकच्या ऑफिसातून. जुना खड्डा भरला का, बघायला. भरलेला नसंल तर पुढचा परवाना नाय.”

“तू म्हणला होता कोणी येत नाय!”

“आता येताय. लय कडक झालंय. ड्रोन उडवूनसुद्धा बघताय म्हणे.”

ओझरला विमानांचा कारखाना असल्यामुळे आसपासच्या गावांना डोक्यावरच्या आवाजाचं काही वाटत नाही. लढाऊ विमान छपरावरून गेलं तरी माणूस हातातला घास खाली ठेवत नाही. पण त्या दिवसापासून वाल्मीक साधा भुंगा गुणगुणला तरी बाभळीखाली जाऊन उभा राहू लागला. जेवण जाईना.

खड्डा भरायचा तरी कशाने? त्यातला मुरूम रस्त्यांखाली दाबला गेला होता. परत आणायचा तर अर्धा तालुका उकरावा लागला असता. बाहेरून माती आणावी, तर आधी पाणी काढायला हवं. म्हणून वाल्मीकने काठावर पंप आणून बसवला. पाइप टाकला. पंपाने दोन आचके दिले न दिले, तोच काठी टेकत चिमणाबाई हजर. तिच्या मागे शेजारची म्हातारी फुलाबाई, आणि फुलाबाईच्या मागे, ज्यांच्या गोधड्या अजून धुवायच्या राहिल्या होत्या त्या सगळ्या.

“काय चाललंय रे?”

“पाणी काढतोय, आई. साहेबलोक येताय. बुजवायचाय.”

“ओटी भरली ना तिची? घरच्या सवाष्णीनं भरली ना? आता ओटी भरलेल्या बाईला घराबाहेर काढतो का तू?”

“आई, खड्डा हाय तो!”

“तुझ्या बॅनरवर काय लिहिलंय, वाच.”

“मला तर बया वाचता येत नाय,” फुलाबाई मागून म्हणाली, “पण फोटो लय मोठा व्हता.”

बायका हसल्या. वाल्मीकची बायको मोहिनी त्यांच्यात होती. तीही हसली, हे त्याने पाहिलं. त्याने पंप बंद केला.

दुसऱ्या दिवशी गावचे तलाठी मोटरसायकलवरून आले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेब काठावर थांबले, गाडी बंद न करताच बोलले.

“वाल्मीक, तळं बुजवतोय म्हणे?”

“नाय भाऊसाहेब. विचार चालू हाय.”

“विचारसुद्धा करू नको. पाण्याचा साठा बुजवला की गुन्हा. आणि दुसरं सांगून ठेवतो, तळ्याच्या काठाला खदान मिळत नाही. हे तळं आहे म्हटलं, की तुझी ती शेजारची बरड गेली म्हणून समज.”

“मग करू काय?”

“ते मला काय माहीत? मी इकडून चाललो होतो.”

आणि ते गेले.

वाल्मीक काठावर बसून राहिला. खड्डा भरला नाही तर परवाना नाही. बुजवला तर गुन्हा. तळं म्हणावं तर उरलेली बरड हातची गेली. त्याला वाटलं, आपणच पाण्यात शिरावं आणि बगळ्यासारखं एका पायावर उभं राहावं. निदान परवाना तरी लागणार नाही. घरी आला तर मोहिनी भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, “अमोलला सांगू का, गल्ल्यापाशी गादी टाकून ठेव म्हणून? तुमची कंबर धरती.”

ज्ञानेशने अखेर मार्ग काढला. त्याने गावाला मारुतीच्या पारावर बोलावलं.

“ऐका. खड्डा म्हटलं तर मुदत मागता येते. ‘मॅडम, पावसामुळे राहिलं, उन्हाळ्यात भरतो.’ तळं म्हटलं तर सगळं संपलं. म्हणून मंगळवारी मॅडमसमोर तळं हा शब्द कोणी काढायचा नाय. खड्डा म्हणायचं.”

“म्हणजे तळ्यात नाय, मळ्यात!” मागून कोणीतरी म्हणालं.

“चेष्टा करू नका. म्हणून बघा एकेकानं. मावशी, तुम्ही धुणं कुठं धुता?”

“खड्ड्यावर.”

“बरोबर. म्हशी कुठं जातात?”

“खड्ड्यात.”

“आन् गणपती कुठं बुडवले?”

तरुण मंडळाचा अध्यक्ष उठून उभा राहिला. “ज्ञानेशभाऊ, आमच्या बाप्पाला आम्ही खड्ड्यात घातलं म्हणायचं का?”

ज्ञानेशने थोडा विचार केला. “मॅडम गणपतीचं विचारणार नाय,” तो म्हणाला.

चिमणाबाईने मात्र साफ सांगितलं. “माझ्या तोंडून नाय निघायचं. मी बोलणारच नाय. मंगळवारी माझं मौन.” वाल्मीकने लग्न झाल्यापासून आईला मौनात पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याला या संकटातही थोडं बरं वाटलं.

“मी म्हणते ना खड्डा,” फुलाबाई म्हणाली. “मला काय त्याचं? आमचे मालक जिवंत होते तवर मला काय काय म्हणायचे. मी मनाला लावून घेतलं का?”

बॅनर उतरवला. चांगला फ्लेक्स कोणी टाकून देत नाही. तो वाल्मीकच्या कांद्याच्या चाळीवर टाकला गेला. घाईत उलटा पडला. गॉगलवाला वाल्मीक आता जोडलेले हात वर आणि डोकं खाली करून कांद्यांची राखण करत होता. दगड ठेवून खऱ्या वाल्मीकने आपला चेहरा झाकला, ‘तळे’ हा शब्द झाकला. बाकीचं झाकायला दगड पुरले नाहीत. आपल्याच रानात दगड कमी पडावेत, हेही त्याला अपशकुनासारखं वाटलं.

मंगळवार उजाडला. वाल्मीकने पहाटेपासून तीनदा शर्ट बदलला. चांगला घातला तर मॅडमला वाटेल, पैसेवाला आहे. जुना घातला तर वाटेल, खड्डा भरायची ऐपत नाही. शेवटी मधला घातला. त्याचं एक बटण तुटलेलं होतं, ते गाडी फाट्यावर दिसल्यानंतर लक्षात आलं.

भामरे मॅडम त्याला वाटल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच तरुण होत्या. आधी कुठले तरी खड्डे बघून आल्या असाव्यात, कारण चपलांवर निरनिराळ्या रंगांची धूळ होती. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं, काहीच नव्हतं. वाल्मीकला राग परवडला असता.

चाळीजवळून जाताना वारा सुटला आणि फ्लेक्सचं एक टोक फडफडलं. मॅडम थांबल्या. मान वाकडी करून त्यांनी उलटं वाचलं. “सोहळा,” त्या म्हणाल्या. “लग्न होतं का घरात?”

“हो मॅडम,” वाल्मीक म्हणाला. “म्हणजे झालं.”

“कोणाचं?”

वाल्मीकच्या डोक्यात त्या क्षणी एकही नाव आलं नाही. “माझं,” तो म्हणाला.

मोहिनी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच उभी होती. दोघांची थोरली पोरगी नाशिकला कॉलेजात शिकत होती.

“अभिनंदन,” मॅडम म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. मोहिनीने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेत गल्ला, गादी आणि कदाचित घटस्फोटही होता.

खड्ड्याच्या काठावर अर्धं गाव आधीच जमलं होतं. सगळे सहज आल्यासारखे उभे होते, म्हणजे एका रांगेत. चिमणाबाई तोंडाला पदर लावून दगडावर बसली होती. फुलाबाईने गोधडी धुवायला काढली होती, कारण तिच्या मते रिकाम्या हाताने उभं राहिलं की संशय येतो. पाण्यावरून वारा गेला. पलीकडे म्हशी निवांत होत्या.

मॅडम काठावर उभ्या राहिल्या. वाल्मीकला आपल्या छातीचा आवाज पंपासारखा ऐकू येऊ लागला. तो थांबवायलाही कोणीतरी काठी घेऊन यावं, असं त्याला वाटलं.

“हे काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“खड्डा!” सगळं गाव एकदम म्हणालं.

“खड्डाच!” तरुण मंडळाच्या अध्यक्षाने जास्तीचं सांगितलं.

मॅडमनी मान हलवली. परवान्याची प्रत उघडली. “अट क्रमांक नऊ. वाल्मीकराव, खड्डा भरला का तुम्ही?”

वाल्मीकने तोंड उघडलं. ज्ञानेशने शिकवलेलं वाक्य ‘मॅडम, पावसामुळे’ असं सुरू होत होतं. ‘मॅडम’ आलं, पुढचं आलंच नाही. ज्ञानेश मागून खुणा करत होता.

हीच आपली वेळ, असं फुलाबाईला वाटलं. ती गोधडी तशीच सोडून पुढे आली.

“कोण, त... त...” जीभ तळ्याकडे निघाली होती, तिने ती दाताखाली धरून वळवली. “खड्डा ना? भरला की बाई! श्रावणातच भरला. हा काय, समोर. काठोकाठ! वरून वाहू लागला व्हता, इतका भरला.”

ज्ञानेशने डोळे मिटून घेतले. वाल्मीकच्या डोळ्यांसमोर टायरांची एक काळी, गोल रांग येऊन उभी राहिली आणि तिच्या मधोमध गल्ला.

मॅडम मात्र परवान्याकडे बघत होत्या. मग पाण्याकडे. मग पुन्हा परवान्याकडे. “‘खड्डा भरून घेण्यात यावा’,” त्यांनी हळूच वाचलं. पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. “कशाने, ते दिलेलं नाही.”

एवढ्यात त्यांचा फोन वाजला.

“हो सर. जागेवरच आहे, सर,” त्या म्हणाल्या. गाव कान टवकारून उभं राहिलं. “हो, भरलेला आहे... नाही सर, अर्धवट नाही. पूर्ण... हो, समतल आहे... अगदी समतल. खरं सांगायचं तर मी आजवर एवढा समतल पाहिला नव्हता, सर.”

पलीकडून एक म्हैस त्या समतल भागात उतरली आणि शिंगांपर्यंत दिसेनाशी झाली.

“झाडं? काठाने बाभळी आहेत, सर... हो, गावकरी वापर करतात. गुरं रोज येतात... पक्षीसुद्धा. बगळे आहेत... नाही, धूळ अजिबात उडत नाही, सर. उडणं शक्यच नाही.”

मॅडम खोटं बोलताहेत, असं वाल्मीकला म्हणता येईना. खरं बोलताहेत, असंही म्हणता येईना. त्याने ज्ञानेशकडे पाहिलं. ज्ञानेशने डोळे उघडले होते, पण तोंडही उघडलं होतं आणि ते मिटायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

“हो सर. तसंच लिहिते,” म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

“मॅडम...” वाल्मीक म्हणाला.

“तुमच्या गावाने खड्डा म्हणून सांगितलं. सगळ्यांनी, एका आवाजात. बरोबर?”

“बरोबर.”

“तो भरलेला आहे, हे या आजींनी सांगितलं. मीही बघितलं. मग माझ्या अहवालात येईल, ‘खड्डा भरलेला आढळला’. पुढच्या तुकड्याचं प्रकरण मी वर पाठवते.” त्यांनी परवाना घडी करून पर्समध्ये टाकला. “आणि हे बघा, बुजवू नका. चांगला भरलाय.”

वाल्मीक खाली बसणार होता, पण मॅडम उभ्या असताना बसणं बरं दिसणार नाही म्हणून वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागला. चपलेला अंगठा नव्हता. आजूबाजूला गावाने एकदम श्वास सोडला. बायकांच्यात कुजबुज झाली, अध्यक्षाने कोणाच्या तरी पाठीवर थाप मारली. चिमणाबाईने तोंडावरचा पदर काढला आणि सकाळपासून साठलेलं सगळं एकदम बोलायला सुरुवात केली. “म्हणलं नव्हतं का मी? ओटी भरलेली बाई घरच्याचं वाईट करत नाय! पंप लावत होता हा, पंप!” फुलाबाईला कोणी काही म्हणेना, कारण तिने नेमकं काय केलं हे अजून तिच्यासकट कोणालाच कळलं नव्हतं.

वाल्मीक मॅडमना गाडीपर्यंत पोचवायला गेला. त्याला फार मोठं काहीतरी बोलायचं होतं. माती, पाणी, गाव, सरकार, सगळं एका वाक्यात बसवायचं होतं. मोहिनीही मागे येत होती. आता तिच्या नजरेत गल्ला दिसत नव्हता. लग्नाचा हिशोब मात्र बाकी होता. वाल्मीकने हात जोडले.

“मॅडम, तुमचे उपकार...”

“छे, उपकार कसले,” मॅडम गाडीत बसत म्हणाल्या. काच अर्धी वर गेली, मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ती पुन्हा खाली आली. “बरं, एक छोटंसं काम करा. परवान्यावर सही करायच्या आधी साहेब स्वतः बघायला येणार आहेत, एप्रिलच्या शेवटी. तोवर खड्डा तेवढा आटू देऊ नका.”